अपिलाला आधी परवानगी हवी का?

लवादाचा निवाडा विरोधात गेला आणि त्यात कायदा चुकला असं वाटलं, तर इंग्लंडमध्ये सहसा थेट अपील करता येत नाही. तिथल्या 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 69 प्रमाणे आधी न्यायालयाकडे परवानगी मागावी लागते, तीही निवाड्यापासून 28 दिवसांत. भारतातला लवाद कायदाही 1996 चाच. आपल्याकडे मात्र कलम 34 खाली निवाडा रद्द करण्याचा अर्ज कुणाच्याही परवानगीशिवाय दाखल होतो. तो फेटाळला गेला तर कलम 37 चं अपील असतं आणि तिथेही परवानगी लागत नाही. परवानगीची भाषा सुरू होते ती थेट सर्वोच्च न्यायालयात, संविधानाच्या कलम 136 खालच्या विशेष अनुमती याचिकेत.

परवानगीची ही चाळणी असावी का, आणि असली तर कुठे लावावी, यावर दोन माणसांचं अजिबात पटत नाही. मामा साताऱ्याकडचे; पूल आणि रस्त्यांची सरकारी कामं करण्यात त्यांची हयात गेली. भाची मुंबई उच्च न्यायालयात लवादाची प्रकरणं चालवते. दोघांचं म्हणणं इथे त्यांच्याच भाषेत मांडतो. जिथे मला राहवलं नाही, तिथे मधे बोललो आहे.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. लवाद दोघांनी मिळून नेमला, दोघांनी त्याची फी भरली, साक्षीपुरावे झाले. मेजरमेंट बुकातली पानंन् पानं तपासली गेली. त्यानंतर जो निवाडा आला तो आला. हरलेल्याला पुन्हा कोर्टाची पायरी चढू द्यायची असेल, तर लवाद नेमलाच कशाला? पहिल्यापासून दिवाणी दावाच लावला असता.

भाची : मामा, लवादाने कायदाच चुकीचा लावला तर? तुमच्या करारातल्या भाववाढीच्या कलमाचा उलटा अर्थ लावून तुमचे दोन कोटी बुडवले, तरीही 'आला तो आला' म्हणाल?

मामा : म्हणेन. चिडेन, पण म्हणेन. कारण मी जिंकतो तेव्हा समोरचा काय करतो ते मी पाहिलंय. एका खात्याविरुद्ध माझ्या बाजूने निवाडा झाला. साहेब मला खासगीत म्हणाले, 'तुमचं बरोबर आहे, पण अपील न करण्याच्या फायलीवर सही कोण करणार? उद्या ऑडिटवाले विचारतील.' म्हणजे अपील गेलं ते निवाडा चुकला म्हणून नाही, सहीची भीती वाटली म्हणून. पुढचा सगळा काळ माझे पैसे अडकले. न्यायालयात आव्हान दिलं तरी 75 टक्के रक्कम बँक गॅरंटीवर ठेकेदाराला द्या, असं केंद्राने 2016 मध्ये ठरवलं, हे खरं. पण त्या गॅरंटीचं कमिशन दरवर्षी कोण भरतं? आम्हीच. शिवाय बँक तेवढी मर्यादा अडवून ठेवते आणि नवीन टेंडर भरायला हात मोकळा राहत नाही.

सहीच्या भीतीचा हा मुद्दा मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे लवादाच्या निवाड्यांना आव्हान देणाऱ्यांत सरकारी खाती आणि महामंडळं मोठ्या संख्येने असतात. अपील केल्याबद्दल कुणा अधिकाऱ्याला जाब विचारला जात नाही, न केल्याबद्दल मात्र विचारला जाऊ शकतो. परवानगीची अट असली तर त्याच अधिकाऱ्याला फायलीवर लिहिता येतं की परवानगी मागितली आणि न्यायालयाने नाकारली. विषय तिथेच मिटतो. चाळणीचा हा उपयोग कायद्याच्या पुस्तकांत फारसा सापडत नाही.

भाची : भीतीचं मान्य. पण इंग्लंडची चाळणी नेमकी कशी आहे ते आधी ऐका. तिकडे पूर्वी कायद्याचा प्रश्न लवादाकडून कोर्टाकडे सर्रास पाठवला जायचा. त्यात इतका वेळ जाऊ लागला की पैसे द्यायचं टाळण्यासाठीच लोक ती वाट धरायला लागले. म्हणून 1979 च्या कायद्याने परवानगी आणली. 1981 मध्ये 'नेमा' नावाच्या जहाजाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. कॅनडातल्या सोरेल बंदरावर संप झाला, जहाज अडकलं आणि भाडेकरारच मोडीत निघाला असं लवादाने ठरवलं. लॉर्ड डिप्लॉक यांनी सांगितलं की असा एकाच व्यवहारापुरता करार असेल, तर लवाद उघड चुकल्याशिवाय परवानगी देऊ नका. तो करार सगळ्या व्यापारात वापरला जाणारा ठरावीक नमुना असेल, तर मात्र थोडी मोकळीक ठेवा. 1996 च्या कायद्यात साधारण हेच सूत्र आलं.

मामा : म्हणजे अटी काय?

भाची : चार आहेत. त्या प्रश्नाच्या उत्तराने पक्षकारांच्या हक्कांवर ठोस परिणाम व्हायला हवा. तो प्रश्न लवादापुढेही मांडलेला असायला हवा. नवा मुद्दा कोर्टात काढता येत नाही. निवाडा उघडच चुकीचा हवा, किंवा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असून निवाड्याबद्दल निदान गंभीर शंका घेता यावी. आणि दोघांनी लवाद मान्य केला असूनही न्यायालयाने त्यात लक्ष घालणं न्याय्य वाटायला हवं. सहसा सुनावणी न घेता, कागदांवरच न्यायाधीश हे ठरवतात. आणि मामा, वस्तुस्थितीला हात लावायचा नाही. खडी किती टाकली, पाऊस किती दिवस होता, हे लवादाने जे ठरवलं ते धरूनच पुढे जायचं.

मामा : हे मला पटतं. खडी किती टाकली हे न्यायाधीशाला काय कळणार!

भाची : पण चाळणी असावी म्हणजे खालचं भोक बुजवावं असं नाही. इंग्लंडने 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सांगते. हे प्रकरण तर आपल्याच मुंद्रा बंदरातलं आहे.

ती सांगत होती ते शार्प कॉर्प विरुद्ध व्हिटेरा हे प्रकरण. त्यावर जरा थांबायला हवं, कारण परवानगीचे फायदे आणि मर्यादा एकाच व्यवहारात दिसतात असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. 2017 मध्ये एका भारतीय खरेदीदाराने कॅनडाचा मसूर आणि पिवळा वाटाणा घेतला. माल व्हँकुव्हरहून निघून जूनमध्ये मुंद्र्याला उतरला, पण पैसे दिले गेले नाहीत. माल सीमाशुल्कातून सुटला आणि बंदरावरच्या गोदामात पडून राहिला. तेवढ्यात दिल्लीत धोरण बदललं. डाळींचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के आणि डिसेंबरमध्ये मसुरावर 30 टक्के आयात शुल्क लावलं. नवा माल आणायचा तर हे शुल्क भरावं लागणार होतं. आधीच शुल्कातून सुटून गोदामात बसलेल्या मालाची किंमत त्यामुळे एकदम चढली.

मग करार मोडल्याबद्दल विक्रेत्याला भरपाई किती द्यायची? हा वाद लंडनच्या गाफ्टा या धान्यव्यापार संघटनेच्या लवादाकडे गेला. गाफ्टाच्या अपील मंडळाने हिशेब असा धरला की जणू तोच माल व्हँकुव्हरहून नव्याने मुंद्र्यापर्यंत आणून विकायचा आहे. त्या हिशेबात मालाची किंमत कमी आली आणि भरपाई जास्त. खरेदीदार म्हणाला, माल तर मुंद्र्याच्या गोदामातच आहे, मग तिथल्या भावाने किंमत धरा. या कायद्याच्या प्रश्नावर कलम 69 खाली परवानगी मिळाली. उच्च न्यायालयात खरेदीदार हरला, 2023 मध्ये अपील न्यायालयात जिंकला आणि मे 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला.

भाची : तिथे दोन गोष्टी ठरल्या, आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे अपील न्यायालय चुकलं होतं. परवानगी एका प्रश्नाला मिळाली होती. त्यांनी तो प्रश्न बदलला आणि करार मधेच बदलला गेला होता अशी वस्तुस्थितीही स्वतःच ठरवून टाकली. लवादापुढे हे कुणी मांडलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हा अधिकार तुम्हाला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ प्रश्नावरही गाफ्टाचं मंडळ चुकलं होतं. माल विक्रेत्याच्या हातात, शुल्क भरून, गोदामात पडलेला असेल, तर त्याच गोदामातला, आहे त्या स्थितीतला भाव धरायला हवा. गाफ्टाचे करार धान्याच्या जागतिक व्यापारात रोज होतात. ही चूक दुरुस्त झाली नसती तर पुढच्या प्रत्येक डाळीच्या जहाजावर तीच चूक झाली असती.

मामा : आणि मसुराचं काय झालं?

भाची : प्रकरण हिशेबासाठी परत गाफ्टाकडे पाठवलं.

मामा : परत? माल 2017 ला उतरला, निकाल 2024 ला आला आणि अजून हिशेब बाकी? अगं, तू हे प्रकरण तुझ्या बाजूने सांगतेयस, पण ते माझ्या बाजूने बोलतंय. एवढी कडक चाळणी असून, एवढे शहाणे न्यायाधीश असून सात वर्षं गेली.

भाची : गेली. पण त्यातून सगळ्या व्यापाराला एक उत्तर मिळालं. आपल्याकडे एवढीच वर्षं जातात आणि हाती काहीच लागत नाही.

या शेवटच्या वाक्यात भाचीने स्वतःच्याच बाजूविरुद्ध साक्ष दिली, आणि मला वाटतं तिला ते माहीत होतं. आयपीएलमधल्या कोची टस्कर्स संघाच्या वादात क्रिकेट नियामक मंडळाविरुद्ध 2015 मध्ये निवाडे झाले. एकूण रक्कम 538 कोटींच्या घरातली. मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचं आव्हान फेटाळलं ते जून 2025 मध्ये. म्हणजे पहिल्याच पायरीवर दहा वर्षं. कलम 34 चे अर्ज वर्षभरात निकाली काढावेत, असं 2015 ची दुरुस्ती सांगते.

मामा : आणि ती दिल्ली मेट्रोची गोष्ट?

भाची : ती तुमच्या बाजूने मुळीच जात नाही.

दिल्ली विमानतळ मेट्रोचं प्रकरण भारतातल्या सगळ्या लवाद-वकिलांना पाठ आहे. मार्गाच्या बांधकामात दोष आहेत, असं म्हणून चालवणाऱ्या खासगी कंपनीने 2012 मध्ये करार संपवला. मे 2017 मध्ये लवादाने तिला 2,782 कोटी रुपये आणि व्याज देण्याचा निवाडा दिला. मार्च 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो कायम केला. जानेवारी 2019 मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो मोडला. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि नोव्हेंबरमध्ये पुनर्विलोकनाची याचिका फेटाळली. तोवर व्याजासह रक्कम आठ हजार कोटींच्या आसपास गेली. 10 एप्रिल 2024 ला, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनानंतरचा शेवटचा उपाय, मान्य केली आणि निवाडा कायमचा संपवला. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी मार्ग वाहतुकीसाठी मंजूर केल्याचं प्रमाणपत्र लवादाने विचारातच घेतलं नव्हतं, हे त्यामागचं मुख्य कारण.

मामा : एका निवाड्याला पाच वेळा तोंड द्यावं लागलं. पहिल्यांदा बरोबर, मग चूक, मग बरोबर, पुन्हा बरोबर, आणि शेवटी चूक. आता सांग, ज्याने करार केला त्याने कुठल्या निकालावर घर बांधायचं?

भाची : पण शेवट बरोबर झाला ना? लोकांच्या पैशातून आठ हजार कोटी चुकीने गेले असते.

मामा : शेवट बरोबर झाला की नाही हे तू तेराव्या वर्षी सांगतेयस. मी दुसऱ्या वर्षी विचारतोय. न्याय बरोबर हवा हे कबूल. पण तो कधी संपतो हे माहीत नसेल, तर बँकवाला मला कर्ज देताना निवाड्याला काय किंमत देईल? शून्य.

भाची : म्हणून तर मी म्हणते की दार बंद करायचं नाही, नेमकं दार उघडायचं. परवानगीच्या टप्प्यावर एकच प्रश्न लिहून मागायचा, की सुरक्षा प्रमाणपत्रासारखा निर्णायक कागद लवादाने नजरेआड केला का? हा प्रश्न कुठल्याही प्रामाणिक चाळणीतून पार झाला असता. आज काय होतं? कलम 37 चं अपील म्हणून वकील शंभर मुद्दे टाकतात, कारण शंभर टाकायला काही लागत नाही. त्या ढिगात खरा मुद्दा दिसायलाच दोन वर्षं जातात.

मामा : आणि परवानगी मागणारा वकीलही तोच, शंभर मुद्देवाला. तो परवानगीच्या अर्जातच सगळं अपील लढेल. मग एका अपिलाची दोन अपिलं होतील. विशेष अनुमती याचिकांचं हेच झालंय ना? परवानगी मागायला ओळ लागते आणि ती नाकारताना एक शब्द लिहितात, 'फेटाळली'. का फेटाळली, ते नाही.

भाची : मामा, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्येही हे होतं. 1984 च्या 'अँटायोस' जहाजाच्या खटल्यात लॉर्ड डिप्लॉक म्हणाले होते की परवानगी नाकारताना कारणं द्यायची सहसा गरज नाही. 2002 मध्ये अपील न्यायालयाने ते बदललं आणि सांगितलं की थोडक्यात का होईना, कारण द्या. हरलेल्या माणसाला आपण कुठे हरलो हे कळण्याचा हक्क आहे. आपल्याकडे विशेष अनुमती याचिका कारणाशिवाय फेटाळली तर त्यातून कायद्याचा निर्णयही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच म्हटलंय. म्हणजे पक्षकाराला उत्तर नाही आणि कायद्यालाही नाही.

दोघांचं पूर्ण एकमत झालेली ही जागा, आणि ती नेमकी हीच असावी याचं मला नवल वाटलं नाही. 'नाही' हे उत्तर माणूस पचवू शकतो. का नाही हे न सांगता दिलेलं 'नाही' पचत नाही, आणि मग तो पुनर्विलोकन, क्युरेटिव्ह अशी जिथे वाट दिसेल तिथे जात राहतो.

मामा : बरं, समजा लवादाने लाच खाल्ली. तेव्हाही आधी परवानगी मागत बसायचं का?

भाची : नाही, आणि ही इंग्लंडची शहाणी बाजू आहे. लवादाला अधिकारच नव्हता, किंवा गंभीर अनियमितता झाली, फसवणूक झाली, अशा आव्हानांना तिथेही पहिल्या पायरीवर परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती कायद्याच्या चुकीसाठी, आणि मग वर अपील न्यायालयात जाण्यासाठी. नायजेरियाविरुद्धच्या एका निवाड्याची रक्कम व्याजासह 11 अब्ज डॉलरवर गेली होती. तो लाच आणि फसवणुकीने मिळवला होता, असं लंडनच्या न्यायाधीशांनी ऑक्टोबर 2023 मध्ये ठरवलं. नायजेरियाला त्यासाठी परवानगी मागावी लागली नाही. पण हरलेल्या कंपनीला वर जायचं होतं, तेव्हा तिला परवानगी लागली आणि ती नाकारली गेली.

मामा : मग आपल्याकडे छोट्या माणसाला संरक्षण काय? खातं परवानगीसुद्धा वीस वर्षं मागत बसेल.

भाची : एक उपाय आपल्याच कायद्यात आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्यात, लहान पुरवठादाराच्या बाजूने निवाडा झाला तर आव्हान देणाऱ्याला आधी 75 टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. पैसे भरावे लागले की अपील करायचं की नाही याचा विचार लोक आपोआप गंभीरपणे करतात.

मामा : हे चालेल. कागदावरच्या परवानगीपेक्षा हे मला जास्त चालेल.

दोघं इथे थांबले, आता माझं मत. कलम 34 च्या पहिल्या पायरीवर परवानगी नको. आपल्याकडे तिथले आधार मुळातच अरुंद आहेत: बाजू मांडायची संधी मिळाली नाही, लवाद अधिकाराबाहेर गेला, फसवणूक झाली, निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध गेला, आणि देशांतर्गत निवाड्यात वरवर दिसणारी उघड बेकायदेशीरता. 'माझं ऐकलंच नाही' हे सांगायला नागरिकाला परवानगी मागायला लावणं योग्य नाही. पण कलम 37 पासून वर प्रत्येक पायरीवर परवानगी हवी. ती एका लेखी प्रश्नावर, ठरलेल्या मुदतीत, कागदांवरच आणि एका पानाच्या कारणासह द्यावी किंवा नाकारावी. दिल्ली मेट्रोचा खरा मुद्दा त्यातून निसटला नसता, आणि सहीला घाबरणाऱ्या अधिकाऱ्यालाही थांबायला जागा मिळाली असती. आज तो थांबू शकत नाही म्हणून मामांसारख्या माणसाची बँक गॅरंटी वर्षानुवर्षं अडकून पडते, आणि त्याचा खर्च पुढच्या टेंडरच्या दरात, म्हणजे शेवटी सरकारच्याच तिजोरीवर पडतो.

सरकारचा कल सध्या वेगळ्याच दिशेला आहे. जून 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितलं की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका, आणि घातलं तर ते साधारण 10 कोटींच्या आतल्या वादांपुरतं ठेवा. अपिलांची साखळी तोडण्याऐवजी लवादच आखडता घेण्याचा हा मार्ग मला चुकीचा वाटतो. मोठे वाद दिवाणी न्यायालयात गेले की ते आणखी लांबतील. ब्रिटनने 2025 मध्ये लवाद कायदा सुधारला, पण कलम 69 ला हात लावला नाही. विधी आयोगाने सगळं तपासून ते तसंच ठेवण्याची शिफारस केली होती.

विशेष अनुमतीचं कलम 136 संविधानात आहे, त्यामुळे साधा कायदा करून ते आवळता येणार नाही. तिथे किती निवाड्यांना प्रवेश द्यायचा हे सर्वोच्च न्यायालयानेच ठरवायचं आहे.

आणि ज्या वाचकांचा माल परदेशातून येतो किंवा परदेशात जातो, त्यांना एक सांगणं. करारात लंडनचा लवाद असेल तर त्याबरोबर कोणत्या संस्थेचे नियम लिहिले आहेत ते पाहा. गाफ्टाचे असतील तर कायद्याच्या चुकीवर परवानगी मागायची वाट शाबूत असते. एलसीआयए किंवा आयसीसी या लवादसंस्थांचे असतील तर ती वाट तुम्ही सहीबरोबरच सोडून दिलेली असते.